गाठ गेली, बेतणं हरवलं: एचआयव्ही, लिम्फोमा आणि मेंदू

या हकीकतीतला रुग्ण म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. एचआयव्ही, कर्करोग आणि मेंदूचे आजार एकाच शरीरात एकमेकांत कसे गुंततात हे नीट कळावं म्हणून, अशा रुग्णांत जे दिसतं ते एकत्र आणून ही हकीकत रचली आहे. माणूस, त्याचं घर आणि त्याच्या तपासण्यांचे आकडे या रचनेतले आहेत. आजार, औषधं आणि संशोधन यांबद्दल लिहिलेलं मात्र वास्तवातलं आहे.

तक्रार

वय ४६, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शिंपीकाम. बायकांचे ब्लाउज आणि जूनमध्ये शाळांचे गणवेश यांवर घर चालायचं. पत्नी त्यांना घेऊन आली आणि तक्रारही तिनेच सांगितली. "ह्यांना बेतायला जमंना झालंय. कापड समोर घेऊन नुसतं बसत्यात."

मापं वहीत लिहिलेली असायची, तरी एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. पंचवीस वर्षं ज्या हाताने न बघता बॉबिन भरली, तो हात आता दोरा ओवताना अडखळायचा. गिऱ्हाईकाचं नाव आठवायचं नाही, पण बायकोने पहिलं अक्षर सांगितलं की लगेच आठवायचं. प्रश्न विचारला की उत्तर बरोबर यायचं, फक्त उशिरा यायचं. जिना उतरताना कठडा धरावा लागू लागला होता. ताप, डोकेदुखी, फिट यांतलं काही नव्हतं. झोप लागायची, जेवण जायचं, रडणं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं किमोथेरपी संपल्यावर तीन महिन्यांनी. एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं होतं की किमोनंतर असं होतं, येईल हळूहळू पूर्वपदावर. दुसरीकडे नैराश्याची गोळी सुरू झाली. हे दोन्ही अंदाज वेडगळ नव्हते. किमोनंतर लक्ष लागत नाही, विसरायला होतं, ही कर्करोगाच्या रुग्णांची नेहमीची तक्रार आहे. आणि वर्षभर मरणाच्या दारात उभं राहून आलेल्या माणसाचं मन खचलं तर त्यात नवल काय? पण किमोचा परिणाम किमो संपल्यावर साधारणपणे ओसरत जातो. इथे तो दर आठवड्याला वाढत होता. पत्नीने हे प्रत्येक ठिकाणी सांगितलं होतं. तिचं म्हणणं पहिल्याच वेळी कागदावर उतरायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आधीचं

एचआयव्हीचं निदान २०१६ सालचं. छातीवर नागीण उठली म्हणून तपासणी झाली. एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या सीडी४ या प्रतिकारपेशींची संख्या तेव्हा ९२ निघाली. या पेशी निरोगी माणसात साधारण ५०० ते १५०० असतात. एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रातून, रात्री एक गोळी सुरू झाली: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि इफाव्हिरेन्झ एकत्र असलेली. दोन-अडीच वर्षं गोळी नियमित चालली. मग थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. घरात पाहुण्यांची ये-जा वाढली, बाटली कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून ती दुकानातल्या खणात गेली आणि तिथेच राहिली. लग्न पार पडलं, तब्येत बरी वाटत होती, गोळी पुन्हा सुरू झालीच नाही.

काही वर्षांनी डाव्या खालच्या दाढेपाशी हिरडी सुजली. दात काढला, पण खड्डा भरण्याऐवजी त्यातून मांस वर आलं आणि तीन आठवड्यांत गालाला फुगवटा आला. माणूस तंबाखू खाणारा. आपल्याकडे अशा तोंडाकडे पाहून जो तो एकच निदान करतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. बायॉप्सीत मात्र तंबाखूचा कर्करोग नव्हता. मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या पेशी होत्या. विशेष रंगतपासणीत पेशींवर सीडी२० ही खूण नाही, सीडी१३८ ही आहे, आणि पेशींच्या आत एपस्टाइन-बार विषाणूच्या खुणा. निदान झालं प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा.

हा आजार १९९७ साली प्रथम वेगळा ओळखला गेला, तोही एचआयव्हीच्या रुग्णांच्या तोंडातल्या गाठींवरूनच. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींचा हा कर्करोग फार आक्रमक असतो. पेशींवर सीडी२० नसल्यामुळे लिम्फोमाचं एरवीचं हुकमी औषध, रिटुक्सिमॅब, इथे चालत नाही. त्या वेळी सीडी४ होते ४८ आणि रक्तातलं व्हायरल लोड, म्हणजे विषाणूचं प्रमाण, २ लाख ४० हजार.

कर्करोग रुग्णालयाने चांगलं काम केलं, हे स्पष्ट लिहायला हवं. पाच औषधांची इपॉक ही किमो सहा वेळा दिली. हा लिम्फोमा मेंदूच्या आवरणात उतरू शकतो म्हणून सुरुवातीला पाठीतलं पाणी तपासलं, ते स्वच्छ होतं. तरी खबरदारी म्हणून पाठीतून मेथोट्रेक्सेट या किमोच्या औषधाची इंजेक्शनंही दिली. शेवटच्या पेट स्कॅनमध्ये गाठीचा मागमूस नव्हता. एचआयव्हीसाठी डोल्युटेग्राविर असलेली नवी गोळी सुरू झाली होती. कागदोपत्री सगळं जागच्या जागी होतं.

दोन फाइली

कर्करोग रुग्णालयाची फाइल जाडजूड, पिशवीत मावत नाही अशी. एआरटी सेंटरची हिरवी वही लहान, घडी घालून खिशात बसणारी. गावाला, भावाला, व्याह्यांना माहीत होतं ते कर्करोगाचं. त्यासाठी लोकांनी पैसे दिले, गाडी दिली, डबे आणले. हिरव्या वहीबद्दल पत्नीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून किमोला जाताना भाऊ सोबत असेल त्या दिवशी वही घरी राहायची. गोळीही घरी राहायची, कारण भाऊ त्याच वॉर्डात खुर्चीवर झोपायचा. दर फेरीला चार-पाच दिवस दाखल राहावं लागे. म्हणजे दर फेरीला तेवढे दिवस गोळी नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. किमोने जळजळ व्हायची, त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ अँटासिड होतं. घरी असताना ते आणि एचआयव्हीची गोळी सकाळी पाठोपाठ घेतली जायची, "एकदाच काय ते उरकून टाकू" म्हणून. डोल्युटेग्राविर आतड्यात या धातूंना चिकटतं आणि मग रक्तात फारच कमी उतरतं. गोळी अँटासिडच्या आधी किमान दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच. फरक एवढाच की त्या जेवणासोबत घेतल्या तर एकत्र चालतात. अँटासिड लिहिणाऱ्याला वही दिसली नाही आणि वही भरणाऱ्याला अँटासिड दिसलं नाही.

किमोच्या काळात सीडी४ एकदा तपासले गेले, ते कमीच होते. किमोने ते कमी होतातच, म्हणून त्याचं कुणाला काही वाटलं नाही. व्हायरल लोड मात्र पूर्ण उपचारात पुन्हा तपासलं गेलं नाही. किमो सीडी४ उतरवते, पण गोळी नीट पोचत असेल तर व्हायरल लोड चढत नाही. त्या महिन्यांत विषाणूचं काय चाललं आहे हे सांगू शकणारी ती एकच तपासणी होती.

तपासणी

मान आखडलेली नव्हती, डोळ्यांच्या मागचा पडदा ठीक होता, एका बाजूची कमजोरी नव्हती. दोन्ही पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होत्या, चाल किंचित ताठ आणि वळताना डगमगती. बोटं आपटायला सांगितल्यावर वेग मंद.

एचआयव्हीच्या स्मृतिभ्रंशासाठी एक छोटी चाचणी आहे, तिला आयएचडीएस म्हणतात. २००५ साली अमेरिका आणि युगांडा इथल्या रुग्णांवर ती पारखली गेली. शिक्षण किती झालं यावर ती फारशी अवलंबून नाही, उपकरण लागत नाही, पाच मिनिटांत होते. चार शब्द लक्षात ठेवायला सांगायचे. पाच सेकंदांत अंगठा आणि तर्जनी किती वेळा जुळते ते मोजायचं. मग मूठ, सपाट तळवा, तळव्याची कड अशी क्रिया दहा सेकंद करायला लावायची. शेवटी ते चार शब्द विचारायचे. आपोआप आठवला तर एक गुण, इशारा दिल्यावर आठवला तर अर्धा. एकूण १२ गुण. १० किंवा कमी आले तर सखोल तपासणी करायची. ही चाचणी निदान करत नाही, फक्त पुढची तपासणी हवी का ते सांगते. इथे बोटांचे २, हाताच्या क्रियेचे २, शब्दांचे ३, मिळून ७.

गुणांपेक्षा ते कुठे गेले हे अधिक बोलकं होतं. दोन शब्द आपसूक आठवले आणि उरलेले दोन इशारा मिळताच. म्हणजे आठवण मेंदूत साठवली गेली होती, ती वेळेवर बाहेर काढता येत नव्हती. अल्झायमरच्या आजारात इशाऱ्याचा असा उपयोग होत नाही. विचाराचा वेग, हाताची चपळाई, क्रम लावणं यांवर आधी घाला पडतो तेव्हा बिघाड मेंदूच्या खोल भागांत आणि तिथल्या पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे भागाभागांना जोडणाऱ्या चेतातंतूंत, असण्याची शक्यता वाढते. शिंप्याचं बेतणं म्हणजे माप, कापड आणि क्रम यांची जुळणी. ते आधी मोडलं आणि नावं नंतर, हे त्या चित्राशी जुळणारं होतं.

काय काय असू शकलं असतं

लिम्फोमा होऊन गेलेल्या माणसाचं डोकं चालेनासं झालं तर पहिली भीती लिम्फोमाचीच. तो मेंदूच्या आवरणात उतरलेला असू शकतो, किंवा मेंदूतच नव्याने उगवलेला. मेंदूतला प्राथमिक लिम्फोमा एचआयव्हीमध्ये सहसा सीडी४ ५० च्या खाली गेल्यावर दिसतो आणि त्याच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू जवळजवळ नेहमीच सापडतो. शिवाय आपल्या देशात क्षयाची गाठ, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी, क्रिप्टोकॉकस बुरशीचा मेंदूज्वर ही नावं यादीतून कधीच वगळायची नसतात. जेसी विषाणूमुळे होणारा पीएमएल हा पांढऱ्या द्रव्याचा आजार एचआयव्हीतही होतो आणि लिम्फोमातही. इथे तर दोन्ही होते. मेथोट्रेक्सेट स्वतः पांढऱ्या द्रव्याला इजा करू शकतं. आणि एचआयव्हीचा स्वतःचा मेंदूचा आजार. त्याखेरीज बी-१२, थायरॉइड, सिफिलिस, आणि अर्थातच नैराश्य.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. डोक्यात काही तरी आहे अशा संशयाने स्टेरॉइडची इंजेक्शनं लगेच सुरू करण्याची आपल्याकडे सवय आहे. मेंदूवर जीवघेणा दाब असेल तर ती द्यावीच लागतात. पण लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने विरघळतात. आठवडाभरात स्कॅन सुधारतो, घरचे खूश होतात, आणि नंतर बायॉप्सीत हाती काही लागत नाही. काही आठवड्यांनी आजार परत येतो तेव्हा वेळ गेलेली असते. या रुग्णाला तालुक्यात एका ठिकाणी स्टेरॉइड सुचवलं गेलं होतं. पत्नीने "आधी मोठ्या डॉक्टरांना इचारते" म्हणून ते टाळलं आणि त्यामुळे पुढच्या तपासण्यांवर विश्वास ठेवता आला.

एमआरआयमध्ये गाठ नव्हती. औषध टोचून घेतलेल्या चित्रांतही कुठे उजळलेलं वलय नव्हतं. दोन्ही बाजूंना सारखंच, पोकळ्यांच्या भोवतीचं पांढरं द्रव्य धूसर झालेलं, आणि वयाच्या मानाने मेंदू थोडा आक्रसलेला. पीएमएल सहसा असा समतोल नसतो. तो एका बाजूला जास्त असतो आणि मेंदूच्या पृष्ठभागालगतच्या तंतूंपर्यंत पोचतो. इथे ते तंतू वाचलेले होते.

पाठीतलं पाणी काढायला रुग्ण कबूल होते, घाबरली होती पत्नी. पाणी दोनदा तपासलं. पेशी ८, प्रथिनं थोडी वाढलेली, साखर ठीक. लिम्फोमाच्या पेशी दोन्ही वेळा नाहीत. एपस्टाइन-बार नाही, जेसी नाही, क्रिप्टोकॉकस नाही, सिफिलिस नाही. क्षयाची जनुकीय तपासणी नकारात्मक. ती नकारात्मक आली म्हणजे क्षय नाहीच असं होत नाही, पण ताप नाही, साखर कमी नाही, आवरणं स्कॅनमध्ये उजळत नाहीत, म्हणून त्या बाजूचा जोर कमी झाला. बी-१२ आणि थायरॉइड ठीक होते.

मग व्हायरल लोडचे दोन आकडे आले. रक्तात ४१ हजार. पाठीतल्या पाण्यात ९६ हजार. पाण्यात विषाणू रक्ताच्या दुपटीहून जास्त, म्हणजे तो रक्तातून नुसता पाझरत नव्हता, मेंदूच्या हद्दीत तयार होत होता. निदान एचआयव्हीच्या मेंदूविकाराकडे झुकलं. कर्करोग बरा झालेल्या माणसाला त्याच्याच मूळ आजाराने दुसऱ्या दाराने गाठलं होतं.

कर्करोग आणि मेंदू यांचा दुवा

एचआयव्ही मेंदूत शिरतो तो फार लवकर, संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच. गंमत अशी की ज्यांच्यामुळे आपण विचार करतो त्या चेतापेशींना तो सहसा बाधित करत नाही. तो घर करतो मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या पेशींत. म्हणजे शरीरातला आणि मेंदूतला कचरा उचलणाऱ्या, जंतू गिळणाऱ्या पेशींत. रक्तातल्या मोनोसाइट पेशी मेंदूत शिरून मॅक्रोफेज होतात आणि त्यांच्यासोबत विषाणू आत येतो. बाधित मॅक्रोफेज दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात, विषाणूची जीपी१२० आणि टॅट ही प्रथिनं बाहेर पडतात, आणि शेजारच्या चेतापेशी त्या माऱ्यात थकत, आक्रसत जातात.

आता लिम्फोमाकडे या. सीडी४ घसरल्या की एपस्टाइन-बार विषाणूवरचा पहारा उठतो. आपल्यापैकी बहुतेक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आयुष्यभर निजलेला असतो. तिकडे एचआयव्हीमुळे बी पेशींना सतत डिवचलं जातं, त्या वाढत राहतात, वाढताना त्यांच्या जनुकांत चुका साचतात. आणि गाठीच्या आत, कर्करोगाच्या पेशींच्या मध्ये, मॅक्रोफेज गर्दी करून असतात. त्यांतल्या काहींत एचआयव्ही असतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल मॅकग्रा आणि सहकारी नेमक्या याच पेशीच्या मागे लागलेले आहेत. १९९७ साली लिन पुलियम, मॅकग्रा आणि इतरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की एड्सच्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या रक्तात मोनोसाइटचा एक वेगळा, उद्दीपित प्रकार वाढलेला असतो. याचा अर्थ मेंदूच्या आजाराची खूण रक्तात फिरणाऱ्या पेशीवर होती. पुढे हवाई आणि थायलंड इथल्या रुग्णांत मोनोसाइटमध्ये दडलेला एचआयव्हीचा डीएनए आणि स्मृतिभ्रंश यांचं नातं दिसलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९४ पासून एचआयव्हीग्रस्तांच्या गाठी आणि मृत्यूनंतर दान केलेले अवयव जपून ठेवण्याची व्यवस्था केली. त्या संग्रहातल्या ऊतींमधले विषाणू सुझाना लेमर्स, मार्को सालेमी, मॅकग्रा या संशोधकांनी एकमेकांशी ताडून पाहिले. एकाच माणसाच्या शरीरात, लिम्फोमाच्या गाठीतला विषाणू कसा, मेंदूतला कसा, निरोगी ऊतीतला कसा? २००९ मध्ये त्यांनी मांडलं की बिघडलेल्या ऊतींमध्ये विषाणूंच्या जनुकांची सरमिसळ, म्हणजे दोन वेगळ्या विषाणूंचे तुकडे जुळून तिसरा तयार होणं, फार मोठ्या प्रमाणात सापडते. अशा सरमिसळीला एकाच पेशीत दोन विषाणूंचा संसर्ग व्हावा लागतो, आणि मॅक्रोफेज दीर्घकाळ जगणारी, सहज न मरणारी पेशी असल्यामुळे ती त्यासाठी सोयीची जागा आहे. मृत्यूनंतर ऊती देणारी माणसं थोडीच, त्यामुळे या निष्कर्षांना मर्यादा आहेत, आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. लिम्फोमा झाला म्हणून स्मृतिभ्रंश होतो, असं कुणी म्हणत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी बाधित मॅक्रोफेजचा साठा असावा, ही कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. ती खरी धरली तर कर्करोग होणं हीच एक सूचना ठरते: हा साठा या शरीरात मोठा आहे, बराच काळ आहे, आणि मेंदू त्याच्यापासून लांब नाही.

इतिहासातही हे दोन आजार जवळजवळ चालत आले आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने केलेल्या एड्सच्या सुरुवातीच्या व्याख्येत मेंदूपुरता मर्यादित लिम्फोमा होता; एचआयव्हीचा मेंदूविकार १९८७ मध्ये आला. १९९६ नंतर तीन औषधांचे उपचार सुरू झाले आणि मेंदूतला लिम्फोमा व तीव्र स्मृतिभ्रंश दोन्ही वेगाने कमी झाले. सौम्य स्वरूपाची मंदता मात्र तितकी हटली नाही. कुणाला ती होईल याचा चांगला अंदाज देणारी एक गोष्ट म्हणजे सीडी४ आयुष्यात सर्वांत खाली कुठवर गेले होते. आजचा आकडा कितीही सुधारलेला असो, तो तळ पुसला जात नाही. या रुग्णाचा तळ ४८ होता.

भारतात एक आशा बराच काळ बाळगली गेली. आपल्याकडे एचआयव्हीचा मुख्यतः सी उपप्रकार आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की सी उपप्रकाराच्या टॅट प्रथिनात एका जागी सिस्टीनऐवजी दुसरं अमिनो आम्ल असतं आणि त्यामुळे ते मोनोसाइटना ओढून आणण्यात दुबळं पडतं. म्हणजे आपला विषाणू मेंदूला कमी छळत असेल. कमी असेलही. पण कमी म्हणजे नाही असा अर्थ काढणं धोक्याचं आहे. पुण्यात आणि दक्षिण भारतात बोधनक्षमता मोजल्यावर प्रगत आजार असलेल्यांत कमतरता दिसलीच, आणि रक्तात विषाणू दबलेला असताना पाठीतल्या पाण्यात सापडण्याचे प्रकार पश्चिम भारतातल्या डॉक्टरांनीही नोंदवले आहेत.

उपचार

पहिला उपाय पैशाचा नव्हता. अँटासिड सकाळच्या गोळीपासून तोडून रात्रीवर नेलं. गोळी पत्नीच्या हातून, सकाळी दुकान उघडण्याआधी. एआरटी सेंटरच्या समुपदेशकाने दोन्ही फाइलींतली सगळी औषधं एका कागदावर लिहून दोन्हीकडे लावली. नैराश्याची गोळी हळूहळू बंद केली.

औषध बदलायचं का, यावर चर्चा झाली. प्रतिरोध तपासणीत लॅमिव्ह्युडिनला दाद न देणारा नेहमीचा बदल सापडला, डोल्युटेग्राविरविरुद्ध काही नव्हतं. मेंदूत चांगलं पोचणारं झिडोव्ह्युडिन जोडावं असा एक विचार होता. पण हिमोग्लोबिन ८.९ होतं, किमोने अस्थिमज्जा आधीच दमलेली, आणि हे औषध रक्त आणखी उतरवतं. डोल्युटेग्राविर स्वतः मेंदूच्या पाण्यात पुरेसं उतरतं. आतापर्यंत ते पोचत नव्हतं ते आतड्यातल्या अडथळ्यामुळे आणि चुकलेल्या दिवसांमुळे, औषध दुबळं होतं म्हणून नाही. म्हणून तीच गोळी चालू ठेवली, ती नीट पोचवायची असं ठरलं. मला हा निर्णय पटतो. नवं औषध लिहिणं सोपं असतं. जुनं औषध शरीरात का पोचलं नाही हे शोधायला वेळ द्यावा लागतो.

तीन महिन्यांनी रक्तातलं व्हायरल लोड मोजण्याच्या पातळीखाली आलं. आयएचडीएस ८.५. सहाव्या महिन्यात पाठीतल्या पाण्यातही विषाणू सापडला नाही, आयएचडीएस ९.५, चाल बरीच सरळ. सीडी४ १८० पर्यंत आले, त्यामुळे संसर्ग टाळणारं को-ट्रायमोक्सेझोल चालू ठेवलं. पत्नीच्या शब्दांत, "आता भांडत्यात माझ्यासंगं. मधी तेबी बंद होतं."

दुकान उघडतं. फॉल-पिको, गुंड्या, काज, जुन्या कपड्यांची दुरुस्ती ते करतात. ब्लाउज बेतण्याचं काम धाकट्या मुलाने घेतलं आहे. तो बारावीनंतर शिकायला बाहेर जाणार होता, तूर्त थांबला आहे. मोठी गणवेशाची ऑर्डर यंदा घेतली नाही. घराचं उत्पन्न निम्म्यावर आलं आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी सरकारी योजनेचं कार्ड चाललं; एमआरआय आणि पाण्याच्या विशेष तपासण्यांचा बराच खर्च मात्र घरातून झाला.

भावाला एचआयव्हीबद्दल सांगायचं की नाही, हा प्रश्न रुग्णाने स्वतः काढला. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही गोष्ट कुणाला कळावी हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच आहे आणि काही अपवाद सोडले तर रुग्णालयांना ती त्यांच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. त्यांनी ठरवलं की भावाला सांगायचं, गावाला नाही. सांगताना समुपदेशक सोबत होता. भाऊ बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने विचारलं, किमोच्या वेळी मी खुर्चीवर झोपत होतो तेव्हा गोळी कुठे होती. त्यानंतर दर महिन्याला सेंटरमधून गोळ्या आणायला तोच जातो.

अजून न सुटलेलं

सहाव्या महिन्याच्या एमआरआयमध्ये पांढऱ्या द्रव्याची धूसरता थोडी कमी आहे, गेलेली नाही. उरलेला भाग विषाणूने केलेली जुनी जखम आहे की मेथोट्रेक्सेटची इजा, हे चित्रावरून सांगता येत नाही. दोन्ही सारखेच दिसतात. विषाणू दबल्यावर सुधारणा झाली, म्हणून मोठा वाटा विषाणूचा होता असं मानणं रास्त आहे, पण सगळाच त्याचा होता असं म्हणता येणार नाही. प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा परत येण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो, आणि तो परतला तर मेंदूच्या आवरणातही परतू शकतो. त्यामुळे पुढे कधी डोकेदुखी, दुहेरी दिसणं, चेहरा वाकडा होणं किंवा हनुवटीला बधिरपणा आला तर पाठीतलं पाणी पुन्हा तपासायचं, ते "जुन्या आजाराचं असेल" म्हणून सोडायचं नाही, असं दोन्ही फाइलींत लाल शाईने लिहून ठेवलं आहे. व्हायरल लोड दर सहा महिन्यांनी, आयएचडीएस दर भेटीला, तोंडाची तपासणी दर दोन महिन्यांनी. तंबाखू अजून सुटलेली नाही.